पळसाचा दम

फाल्गुन लागला की आमच्या मुरुम गावच्या शिवारात उसाचे फड सोडले तर हिरवं फारसं काही राहत नाही. नेमका तेव्हाच बांधावरचा पळस अंगावर एक पान न ठेवता केशरी होऊन उभा राहतो. सगळं गाव सावली शोधत असताना याला हा हुरूप येतो कुठून? आणि मग पुढचा विचार येतोच: फुलं उकळून प्यायली तर आपल्यालाही येईल का? पी हळद अन् हो गोरी, ही आपली जुनीच रीत.

हसू नका. नाशिकच्या संशोधकांनी पळसफुलांचा अर्क उंदरांना देऊन पाहिला आणि १९९९ साली ‘इंडियन जर्नल ऑफ फार्माकॉलॉजी’त निष्कर्ष छापले. पाण्यात ठेवलेल्या उंदराच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक चढतं. अर्क घेतलेल्यांत ते कमी चढलं.

हे ताणाचं झालं. दम मोजायची रूढ पद्धत आणखी न्यारी. फुलं सावलीत वाळवून भुकटी करायची, अल्कोहोलात अर्क काढायचा, काही दिवस उंदराला द्यायचा. मग त्याच्या वजनाच्या ५ ते १० टक्के भार शेपटीला बांधून त्याला पाण्यात सोडायचं आणि थकून बुडू लागेपर्यंतचा वेळ घड्याळात बघायचा. जास्त वेळ पोहला, तर अर्क गुणकारी.

मात्रेचा हिशेबही सरळ नाही. उंदराला किलोमागे २०० मिलिग्रॅम दिलं म्हणून ६० किलोच्या माणसानं १२ ग्रॅम ढोसायचं नसतं. छोट्या उंदराची मात्रा माणसासाठी साधारण १२ने भागतात, म्हणजे ग्रॅमभर. आणि तेही माणसांवर तपासल्यावर.

विठ्ठलसाई कारखान्याला ऊस जातो, त्या फडांत डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वाहनात चढणाऱ्या बाईला मात्र कोणी दमाचं रहस्य विचारत नाही. टॉनिकची बाटली असते ती माझ्यासारख्या खुर्चीवाल्याच्या कपाटात.

आमच्याकडे पळसफुलं रात्रभर भिजवून त्या पाण्यानं लेकरांना अंघोळ घालतात, ऊन बाधू नये म्हणून. शेजारच्या आज्जींना मी उंदरांची हकिगत सांगितली.

“आन् त्या पाण्याला काठ कुठाय?”

“काठ नसतो आज्जी, काचेचं भांडं असतं.”

“मग त्यो दमानं न्हाई, भ्यानं पवतोय की रं! आण ती फुलं हिकडं, लेकरू न्हायचं ऱ्हायलंय.”