बेचाळीस किलोमीटर आणि दोन दुधाच्या पिशव्या

जानेवारीत मुंबई मॅरेथॉन. म्हणून आठवड्याचा सराव लिहून फ्रिजवर चिकटवला: मंगळवारी इंटरव्हल, गुरुवारी टेम्पो, रविवारी 28 किलोमीटर. बायकोने वाचला आणि खाली पेनने भर घातली, 'बुधवार : दळण, पालकसभा.'

मंगळवारी पहाटे पाचला बुटांच्या नाड्या बांधतोय, तोच देवघरातून आई म्हणाली, "पळतोच आहेस तर येताना दूध आण." शेवटचे दोन इंटरव्हल दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. एक गळकी निघाली. गल्लीतली कुत्री मागे लागली आणि, खोटं कशाला बोलू, वेळ सुधारली. बुधवारी लिफ्ट बंद. दहा किलोचा डबा खांद्यावर घेऊन चौथा मजला गाठला आणि त्याची नोंद 'पेडर रोडच्या चढाचा सराव' अशी केली. गुरुवारी धाकटीला ताप. टेम्पो झाला, पण बाथरूम ते पलंग, ओल्या पट्ट्या घेऊन.

मॅरेथॉनचं हे 42.195 किलोमीटर अंतर 1908 च्या लंडन ऑलिंपिकचं. शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनांसमोर संपली. म्हणजे तिथेही घरच्यांची सोय आधी! फक्त वाटेत कोणी कोथिंबीर आणायला सांगितली नाही.

शनिवारी लग्नाची पंगत. उद्यासाठी साठा हवा, म्हणून चार जिलब्या जास्तच घेतल्या. रविवारी 28 पैकी 19 झाले, आणि फोन आला. घरी मामेसासरे येऊन बसले होते. घामाघूम मला न्याहाळत म्हणाले, "जावईबापू, एवढं धावता, मग पोट कुठे थांबतं?"