पुणे ते गुहागर, व्हाया एल-फोर एल-फाइव्ह

पाठदुखीच्या माणसाने गाडी घ्यायची ठरवली की नातेवाइकांत दोन पक्ष पडतात. पहिला म्हणतो, "घेऊच नकोस, रिक्षाने फिर." या पक्षातलं कोणी कित्येक वर्षांत रिक्षात बसलेलं नसतं. दुसरा म्हणतो, "घ्यायचीच तर मोठी घे." हा पक्ष आमच्या बोळात कधी आलेला नसतो. सदाशिव पेठेतल्या आमच्या बोळात गाडी दोन्ही आरसे मिटून आत येते आणि समोर दूधवाला असेल तर दूधवाल्याच्या मर्जीने बाहेर पडते. तेव्हा गाडी छोटीच हवी होती.

छोटी म्हणजे केवढी, हे सरकारने ठरवून दिलेलं आहे. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तर कर कमी, असा नियम २००६ साली आला आणि तेव्हापासून सगळ्या कंपन्या त्या चार मीटरांत इंजिन, पाच माणसं आणि डिकी कोंबण्यात गुंतल्या. कोंबाकोंबी म्हटली की कुठेतरी काटछाट आलीच. ती कुठे होते, हे धडधाकट माणसाला आयुष्यभर कळत नाही. मांडीखाली होते. सीटची बैठक पुढून चार बोटं आखूड केली की मागच्याला गुडघ्यांपुढे ऐसपैस जागा दिसते. गिऱ्हाईक खूश. पुढे बसलेल्याच्या मांड्या मात्र अधांतरी राहतात आणि त्यांचा भार दिवसभर कंबर वाहते.

माझ्या कमरेतल्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती जागेवरून जराशी सरकलेली आहे. एल-फोर एल-फाइव्ह. पुण्यात हे नुसतं उच्चारलं तरी समोरचा "अय्या, माझंही तेच" म्हणतो आणि घरोबा वाढतो. आमची फिजिओथेरपिस्ट वयाने माझ्या मुलीएवढी, पण अधिकार शाळेतल्या मुख्याध्यापिकेचा. ती म्हणाली, "काका, बसणं कमी करा."

"मग गाडीत काय करू? उभा राहू?"

त्यावर तिने मला स्वीडनची गोष्ट सांगितली. तिथल्या आल्फ नाखेमसन नावाच्या अस्थितज्ज्ञांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला. उभ्या माणसापेक्षा बिनटेकू बसलेल्या माणसाचा दाब जास्त भरला, आणि पाठ मागे टेकवली की तो उतरला. सुई टोचून घ्यायला तयार झालेल्या त्या स्वीडिश मंडळींविषयी मला एकदम आदर वाटला. मला साधं रक्त तपासायला न्यायचं तर ही आदल्या रात्रीपासून समजूत घालते. "तेव्हा पाठ टेकवा," फिजिओ म्हणाली, "सीटची पाठ शंभर ते एकशेदहा अंशांवर ठेवा, कमरेच्या खळग्यात पंचाची गुंडाळी घाला, दर दीड तासाने उतरून चाला. आणि काका, ते पाकीट काढा."

मागच्या खिशातलं पाकीट मी काढलं. त्यात पैसे थोडे आणि विजेची जुनी बिलं पुष्कळ होती. एका कुल्ल्याखाली हा दस्तऐवज ठेवून बसलं की कंबर एका बाजूला कलते, आणि मी तर उमेदीच्या काळापासून महावितरणवर कललेला होतो.

दुसऱ्या दिवशी कंपासपेटीतला कोनमापक घेऊन शोरूमला गेलो. टायवाल्या मुलाने मला गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालायला लावली आणि पडदा दाखवला. पडदा म्हणजे पुढचा, बोटाने चालणारा. मी म्हटलं, "मांडीखालचा आधार दाखवा." तो म्हणाला, "सर, हिच्यात अँबियंट लायटिंग आहे." मी म्हटलं, "सीटची उंची कमीजास्त होते?" तो म्हणाला, "टॉप मॉडेलमध्ये होते, सर. त्यात सनरूफही आहे." पाठ दुखणाऱ्याने उंची हवी असेल तर आकाशही विकत घ्यायचं, असा एकंदर हिशेब दिसला. मग चाचणी फेरी. गुळगुळीत रस्ता, एक सिग्नल, स्पीडब्रेकर नाही, खड्डा नाही. पुण्यात असला रस्ता हुडकून काढणं हे त्या मुलाचं खरं कसब, आणि मी ते तिथल्या तिथे बोलून दाखवलं. पण माझी पाठ पहिला तासभर कोणाशीच भांडत नाही. दीड तासानंतर तिला कंठ फुटतो. शोरूमवाले कुणालाही दीड तास फिरवत नाहीत.

तेवढ्यात पुतण्याचं लग्न झालं आणि नव्या जोडप्याला गुहागरला व्याडेश्वराच्या पायांवर घालायचं ठरलं. तीन गाड्या निघाल्या, तिन्ही छोट्या. मी जाहीर केलं की प्रत्येक थांब्यावर मी गाडी बदलणार. नातेवाइकांना वाटलं, केवढा हा जिव्हाळा! सगळ्यांना थोडा थोडा सहवास!

पहिला टप्पा मेहुण्याच्या गाडीत. लाल रंग, बुटकी बांधणी, मोठ्या रिमची चकचकीत चाकं. या गाडीत बसता येत नाही, उतरावं लागतं. आधी डोकं आत, मग उजवा पाय, मग आपण स्वतः आणि सर्वांत शेवटी, थोड्या वेळाने, कंबर. रिम मोठी केली की टायरची जाडी कमी होते, आणि खड्डा पचवण्याचं पहिलं काम टायरमधल्या हवेचं असतं. इथे हवा नावापुरतीच होती. कात्रजच्या बोगद्यापासून खंबाटकीच्या माथ्यापर्यंत रस्त्याने टाकलेला प्रत्येक शब्द माझ्या चकतीपर्यंत जसाच्या तसा पोचला. "कसली चिकटून चालते ना वळणावर?" मेहुणा विचारत होता. चिकटून चालत होती हे खरंच.

जोशी विहिरीला चहाला थांबलो, तिथे खरी परीक्षा झाली. बुटक्या गाडीतून बाहेर पडताना गुडघे कमरेच्या वर असतात आणि आधाराला धरायला फक्त दार असतं, जे स्वतःच हलत असतं. हॉटेलातला पोऱ्या धावत आला. "काका, दोन्ही पाय एकदम भाईर काढा, मग उठा. आमच्या आण्णांचं बी असंच हाय." त्याने आणि मेहुण्याने मिळून विहिरीतून कळशी काढावी तसं मला वर घेतलं. एवढ्या वैद्यकीय खर्चात 'दोन्ही पाय एकदम' हे मला कोणी सांगितलं नव्हतं. चहाचे पैसे देताना मी त्याला सल्ल्याचेही दिले.

दुसरा टप्पा भाच्याच्या गाडीत, पाटणपर्यंत. भाचा चाकणच्या एका कारखान्यात सस्पेन्शन विभागात इंजिनिअर आहे. त्याची गाडी बिनक्लचची, म्हणजे एएमटी. २०१४ साली सेलेरिओबरोबर हा प्रकार आपल्याकडे आला आणि स्वस्त ऑटोमॅटिक म्हणून लोकप्रिय झाला. आत गिअरबॉक्स नेहमीचाच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यंत्र बसवलेलं. पाठवाल्यांना हे वरदान आहे. साताऱ्याच्या आधी वाहनांची रांग लागली होती तेव्हा मी भाच्याच्या डाव्या पायाकडे हेव्याने पाहत होतो. तो नुसता पसरून पडला होता. क्लचच्या गाडीत अशा रांगेत डावी मांडी सारखी उचलावी लागते आणि दर वेळी कंबर एका बाजूला पिळली जाते.

यंत्राला घाई मात्र नसते. गिअर बदलताना ते क्षणभर विचार करतं. तेवढ्यात गाडीची ओढ तुटते आणि आतले सगळे जण मान डोलावतात. उंब्रजजवळ भाच्याने सहज विचारलं, "मामा, नोकरी सोडून स्वतःचं काही सुरू करू का?" तेवढ्यात दुसऱ्याचा तिसरा पडला आणि मी, ही, मागे बसलेली त्याची आई असे तिघांनी एकमताने होकार दिला. त्याची आई नंतर पाटणपर्यंत नकार देत होती, पण तिसऱ्याचा चौथा पडला की पुन्हा होकार जायचा.

उंब्रजला हायवे सोडला आणि गावोगावचे स्पीडब्रेकर सुरू झाले. इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक असं आहे : उंची दहा सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, म्हणजे गाडीने अलगद चढावं आणि अलगद उतरावं. या रस्त्यावर कंत्राटदाराला आकडे फोनवरून सांगितले असावेत आणि मधे रेंज गेली असावी. बरीचशी रुंदी उंचीत गेली होती.

पाटणहून तिसरा टप्पा बापूकाकांबरोबर. बापूकाकांचं वय अठ्ठ्याहत्तर, गाडीचं वय त्या मानाने लहान, आणि आकार उभा. १९९८ साली सँट्रो आणि पुढच्याच वर्षी वॅगनआर आली तेव्हा या उंच गाड्यांना पुणेकरांनी 'डबा' म्हणून हिणवलं होतं. मारुती ८०० वर वाढलेल्या डोळ्यांना ती उंची सोसेना. पण उंच गाडीत सीट खुर्चीच्या उंचीवर येते. तिच्याकडे पाठ करायची, टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. खाली पडणं नाही की वर चढणं नाही. आजची वॅगनआर १,६७५ मिलिमीटर उंच आहे, म्हणजे माझ्याहून इंचभर बुटकी, आणि तिला पाठदुखी नाही. बापूकाका धोतर न सावरता आत बसतात, हे मी वर्षानुवर्षं बघत आलो होतो. त्याचं श्रेय मात्र सूर्यनमस्कारांना देत होतो.

बैठक उत्तम, शंभर अंश, पंचा जागेवर. आणि तरीही निघाल्यापासून गाडी टणाटण उडू लागली. आत मी आणि बापूकाका दोघेच. हेळवाकला मी भाच्याकडे तक्रार नोंदवली. त्याने आधी टायरवर हात ठेवला. "हवा किती भरली?" बापूकाका म्हणाले, "भरणाऱ्याने भरली." दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या कागदावर तीसच्या आसपासचा आकडा होता, टायरमध्ये चाळीस निघाले. थोडी हवा सोडली.

मग त्याने खरं कारण सांगितलं, आणि ते ऐकून मी रस्त्याकडेच्या कठड्यावर बसलोच. छोटी गाडी असते आठशे-साडेआठशे किलोची. तिच्यात पाच माणसं आणि त्यांचं सामान भरलं की चारशे किलो वाढतात, म्हणजे जवळजवळ निम्मं वजन. तेवढं भरल्यावर गाडी बूड टेकायला नको म्हणून स्प्रिंग त्या हिशेबाने कडक ठेवावे लागतात. पावणेदोन टनांच्या मोठ्या गाडीला तेच चारशे किलो फारसे जाणवत नाहीत, तिचे स्प्रिंग मऊ ठेवले तरी चालतात. "गाडीचा सांगाडा सेकंदाला एखाद-दीड वेळा वरखाली झाला तर माणसाला सुखाचं वाटतं, मामा. बसलेल्या माणसाचं धड सगळ्यात जास्त हलतं ते सेकंदाला चार ते सहा वेळा हादरे बसले की. रिकामी छोटी गाडी नेमकी त्या बाजूला सरकते."

"मग उपाय?"

"भरा."

सगळ्यांची नजर आत्याकडे गेली. आत्या आमच्या घराण्यातलं सर्वांत भारदस्त व्यक्तिमत्त्व, आणि तेव्हा ती मेहुण्याच्या बुटक्या गाडीत अडकलेली होती. तिला बाहेर काढण्यात हेळवाकच्या दोन ग्रामस्थांचाही हातभार लागला. मग ती, ही आणि लाडवांचे तीन डबे बापूकाकांच्या मागच्या सीटवर रुजू झाले. मागचे स्प्रिंग दोन बोटं खाली बसले. गाडी वयात आल्यासारखी वागू लागली.

कुंभार्ली घाट आम्ही असे उतरलो की बापूकाकांचा डोळा लागतो की काय अशी धास्ती मला वाटली. पोफळी गेली, चिपळूण गेलं, शृंगारतळीला चहा झाला, दीड तासाचा पाठीचा मुहूर्त टळून गेला आणि ती गप्प. मी मागे वळून (हेही आता जमत होतं) म्हटलं, "आत्या, हे सगळं तुझ्यामुळे."

"माझ्यामुळे म्हणजे?"

मी स्प्रिंगचा हिशेब समजावून सांगितला. ती थोडा वेळ बाहेरची कलमं बघत राहिली. मग म्हणाली, "अरे, लग्न झाल्यापासून सगळे हे उतरव म्हणून मागे लागलेत. उपयोग विचारणारा तू पहिलाच."

व्याडेश्वराचं दर्शन झालं. नवं जोडपं पायांवर पडलं, मीही पडलो, आणि उठलो, तेही कोणी हात न देता. गुरुजींना यात काही विशेष वाटलं नाही. हिने मात्र देवापुढे जास्तीचे अकरा रुपये ठेवले.

पुण्याला परतल्यावर शोरूमची यादी एकदम छोटी झाली. बैठक खुर्चीच्या उंचीची, मांडीखाली गादी पुरेशी, स्टिअरिंग वरखाली होणारं, क्लच नको, टायर जाड आणि रिम लहान. टायवाला मुलगा हिरमुसला. मी मागत होतो ते सगळं त्याच्याकडच्या साध्या मॉडेलात होतं, आणि साध्या मॉडेलाविषयी काय बोलायचं याचं प्रशिक्षण त्याला मिळालेलं नव्हतं. शेवटी त्याने नेहमीचा प्रश्न काढला, "फॅमिली किती जणांची, सर?"

"दोघांची," मी म्हटलं.

"तिघांची," आत्या म्हणाली. तिला मी चाचणीसाठी वजन म्हणून आणलं होतं. तिने पुढचं दार उघडलं, पाठ केली, टेकली, दोन्ही पाय एकदम आत घेतले आणि पट्टा लावला.

"आत्या, वजन मागे हवं. मागचे स्प्रिंग—"

"मागे तू बस. तुझी पाठ आता बरी आहे ना?" आणि टायवाल्या मुलाकडे वळून, "बाळ, ते आकाश दिसणारं छप्पर हिच्यात मिळेल का रे?"