एवढ्या पैशात दोनच दारं?

पाणी किती दिवसांआड येतं, हा प्रश्न सोलापुरात आता फक्त पाहुणे विचारतात. आपण आकडा सांगतो, ते हळहळतात, आपण चहा ठेवतो. शहराचे गंभीर प्रश्न केव्हाच पुढं सरकलेत. होटगी रोडला राहणारे एक टॉवेल कारखानदार (सगळे त्यांना नुसतं 'मालक' म्हणतात, आपणही तेच म्हणू) गेला महिनाभर धड जेवलेले नाहीत. अमेरिकेनं २०२५ मध्ये आपल्या मालावर ५० टक्के कर बसवला, त्यामुळं कामगारांचा बोनस त्यांना पुढं ढकलावा लागला. पण अन्न न जाण्याचं कारण ते नव्हे. स्पोर्ट्‌स कूपे घ्यावी की ग्रँड टूरर, हे काही केल्या ठरत नव्हतं.

"पत्रकार, आता तुमीच सांगा," मला बोलावून घेऊन ते म्हणाले. टेबलावर दोन कॅटलॉग होते. एकावर पोर्शे ९११, दुसऱ्यावर बेंटली काँटिनेंटल जीटी. पहिलीचं दोन कोटींच्या आसपास सुरू होतं, दुसरीचं पाचच्या. माझा मोटारींशी संबंध सिटी बसची वाट पाहण्यापुरता. तरी त्यांनी मला विचारलं, हा त्यांचा मोठेपणा.

फरक थोडक्यात असा. कूपे बुटकी, हलकी, वळणाला चिकटून पळणारी. चालवणाऱ्यानं मजा करायची, बाकीच्यांनी फोटो काढायचे. ग्रँड टूरर लांबलचक, वजनदार, आतून गुबगुबीत. सकाळी पॅरिसहून निघालेल्या धनिकाला कपड्यांची इस्त्री न मोडता संध्याकाळी दक्षिणेच्या समुद्रकाठी उतरता यावं, अशासाठी हा प्रकार. ९११ पहिल्यांदा १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आली आणि तेव्हापासून तिचं इंजिन मागं, डिकी पुढं. एवढं मी सांगतोय तोवर मालकांचे ड्रायव्हर मामा म्हणाले, "म्हंजे रिक्षाच की."

मालकांनी त्यांच्याकडं असं पाहिलं, की दुसरा असता तर नोकरी सोडून गेला असता. पण मामांचं काय चुकलं? बजाजनं मागच्या इंजिनाची रिक्षा १९७७ मध्ये बाजारात आणली आणि सात रस्त्याच्या गर्दीत तिच्याइतकं चपळ वाहन अजून जर्मनीलाही काढता आलेलं नाही. वळणाचंच म्हणाल, तर आपला रिक्षावाला तिनातल्या दोन चाकांवर वळतो आणि वळता वळता मागच्या पॅसेंजरशी सुट्ट्या पैशांवरून भांडतो.

कूपेचं खरं दुखणं स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसनं त्याचं माप ठरवून दिलंय: १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद, ताशी २५ किलोमीटरनं पोटातलं पाणी न हलता ओलांडता यावा असा. हे माप दिल्लीत छापलं गेलं आणि तिथंच राहिलं. आपल्याकडं ब्रेकर दोन कारणांनी होतो. एक, तिथं अपघात झाला म्हणून. दोन, तिथं नगरसेवक राहतात म्हणून. होतो तो रातोरात, आणि पांढरे पट्टे पुढच्या निवडणुकीत मिळतात.

९११ ला नाक वर करण्याची सोय घेता येते. बटण दाबलं की पुढचा भाग चारेक सेंटिमीटर उचलला जातो. नव्या गाडीला तर ती जागा लक्षातही ठेवायला सांगता येते. पुढच्या खेपेला उपग्रहाला विचारून ती आपोआप नाक वर करते. बिचाऱ्या जर्मन इंजिनिअरांनी एकच गोष्ट गृहीत धरली, की ब्रेकर काल जिथं होता तिथंच आजही असेल.

मालकांच्या पुण्याच्या साडूंनी एकदा त्यांची कूपे सोलापुरात आणली होती. आसरा चौकाच्या अलीकडं नवाकोरा ब्रेकर. साडूंनी गाडी तिरकी घातली. मागं एक रिक्षा, दुधाच्या कॅनवाला, शाळेची व्हॅन. चहाच्या गाड्यावरची पाच-सात माणसं कप घेऊनच जवळ आली. एक पोरगं रस्त्यावर गाल टेकवून गाडीच्या पोटाखाली बघत सूचना देऊ लागलं. "येऊ द्या... येऊ द्या... अजून दोन बोटं हायत... येऊ द्या... लागली!" मग एकजण म्हणाला, माणसं उतरवा, गाडी वर येईल. आत माणूस एकच होता. तो उतरला. दुधवाला म्हणाला, "का बे, एवढी भारी गाडी, आन् पोट घासतंय व्हय?" साडू त्यानंतर सोलापूरला रेल्वेनं येतात.

तेव्हा जीटीच बरी, असं मी म्हणून पाहिलं. पण तिचीही अडचण आहेच. ती समुद्रावर जाण्यासाठी, आणि सोलापूरला समुद्र नाही. सोयीचा म्हणजे गोव्याचा. तिथं ९ जून २०२५ पासून आपल्या होटगी रोडवरून विमान सुटतं. या विमानांना वाट करून देण्यासाठी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली. एवढं महाभारत घडून गेल्यावर मालकांनी मोटारीनं गोवा गाठणं हा चिमणीचा अपमान झाला असता.

राहिला पुण्याचा रस्ता. अंतर अडीचशे किलोमीटर. बाराच्या बारा सिलिंडरांची काँटिनेंटल ताशी ३३३ किलोमीटरनं पळायची. केंद्राच्या २०१८ च्या नियमानं अशा चौपदरी रस्त्यावर मोटारीला १०० ची मर्यादा. उरलेल्या २३३ किलोमीटरचे पैसे भरायचे आणि ते वापरायचे नाहीत. पण खरी मर्यादा कायदा घालत नाही, ऊस घालतो. गाळप सुरू झालं की मोहोळपासून पुढं दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर लागतात. मागं तांबडा दिवा नसतो, 'आई तुळजाभवानी प्रसन्न' असतं. ड्रायव्हरनं गाणी अशी लावलेली असतात, की कोटीभराच्या स्पीकरांवर तुम्ही काय लावलंय ते तुम्हालाच ऐकू येत नाही. एक ट्रॅक्टर दुसऱ्याला ओलांडायला निघाला, की दोन्ही पदर त्यांचे. हा सोहळा संपेपर्यंत सहाशे-सातशे अश्वशक्ती मागून उसाची चिपाडं मोजत येते.

"सुरत-चेन्नई महामार्ग होऊ द्या की," मालक म्हणाले. "आपल्या बार्शी-अक्कलकोटातूनच जाणार हाय." ज्यांच्या जमिनी त्यात जायच्यात ते शेतकरी मोबदल्यावरून आंदोलन करताहेत, असं मी म्हणालो. "त्यांना सांगा, आमची गाडी बुक करायची हाय."

इथवर चर्चा आमच्यातच होती. मग अप्पा आले. मालकांचे वडील, ऐंशी उलटलेले. त्यांनी एक कॅटलॉग उचलला, चष्मा लावून सगळी पानं पाहिली, दुसरा उचलला, तोही पाहिला, मग दोन्ही उलटे धरून पाहिले.

"एवढ्या पैशात दोनच दारं?"

"अप्पा, दोन्हीला दोनच असत्यात. स्टाइल हाय ती."

"उरलेली दोन मागनं पाठवत्यात का?"

१९८३ मध्ये मारुती आली ती पन्नास हजारांच्या आत, आणि तिला प्रवाशांसाठी चार दारं होती. अप्पांना हे पाठ. पण त्यांचं मुख्य अस्त्र वालचंद हिराचंद. ते आपल्या सोलापूरचे, जन्म १८८२ चा. रेल्वेच्या कंत्राटांपासून सुरुवात केलेल्या या माणसानं जहाजं काढली, विमानांचा कारखाना काढला आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या त्या कारखान्यातली फियाट अप्पांनी वापरली. "नऊ माणसं घालून गाणगापूरला गेलोय तिच्यात," ते म्हणाले, "आन् येताना अकरा आलो. मोटारीचा कारखाना काढणारा माणूस या गावचा. त्यानं कधी दारात कंजूषी केली न्हाय."

मागच्या सीटचं विचाराल, तर ९११ मध्ये ती आहे. मोठ्या माणसाला तिथं बसता येत नाही असं नाही. बसल्यावर उतरता येत नाही. बेंटलीत त्यामानानं बरं, पण पुढची सीट वाकवून, अंग चोरून आत शिरण्याचा विधी तिथंही चुकत नाही, आणि तो नऊवारीत करून दाखवायला मालकांच्या आईंनी, म्हणजे अव्वांनी, साफ नकार दिला. आपल्याकडच्या कंपन्यांनी यावर तोड काढलीय. उंच एसयूव्हीचं छप्पर मागून उतरतं करायचं, दारं चार ठेवायची आणि कूपे म्हणायचं. टाटांची कर्व्ह तशी, महिंद्रांची बीई ६ तशी. मी नाव काढताच मालक दुखावले. कर्व्ह त्यांच्या बँक मॅनेजरकडं आहे.

"बरं, चालवणार कोण?" मी विचारलं.

"पोरगा. कूपेचं डोक्यात आलं ते त्याच्यासाठीच. पुढच्या वर्षी अठरा पुरं करतोय."

१९ मे २०२४ च्या पुण्यातल्या कल्याणीनगरच्या रात्रीची मी त्यांना आठवण करून दिली. पोर्शेचीच गाडी, विजेवरची टायकान. चालवणारा सतरा वर्षांचा, असं पोलीस म्हणाले. दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनिअर जागच्या जागी गेले. कोटीच्या वरच्या त्या गाडीची नोंदणी झालेली नव्हती, कारण १,७५८ रुपये फी भरायची राहिली होती. जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला होता.

मालकांनी खरोखर गंभीरपणे विचार केला.

"निबंध आमच्याला जमायचा न्हाय," ते म्हणाले. "कोट्याला घातलाय त्याला. तिथं चारातला एक पर्याय निवडायचा असतोय."

आतून अव्वांचा आवाज आला, "त्याला सायकल द्या." कूपेचा विषय तिथं मिटला.

बाहेर सांगताना मात्र मालक वेगळं कारण सांगतात, आणि गावाला ते पटलंय. दसऱ्याला गाडीला हार घालायचा कुठं? ९११ ला समोर जाळीच नाही. नाक गुळगुळीत. झेंडूचा हार घातला की घसरून चाकाखाली. बेंटलीची जाळी म्हणजे देव्हाऱ्याची चौकट. हार बसतो, लिंबू-मिरची बसते, नारळ वाढवायला समोर ऐसपैस जागा. तीन कोटी जादा गेले, पण हार सरळ बसतो. राज्य सरकारनं जुलै २०२५ पासून मोटारीवरच्या एकरकमी कराची कमाल मर्यादा २० लाखांची ३० लाख केली, तेव्हा 'मध्यमवर्गानं जगायचं कसं' म्हणून मालक दोन दिवस अस्वस्थ होते. एमएच १३ मधल्या आवडीच्या नंबराचे पैसे निराळे. ते मात्र त्यांनी हसत भरले, कारण नंबर लांबून दिसतो.

बेंटली सोलापुरात स्वतःच्या चाकांवर आलीच नाही. ट्रकवर आली. पाटस, सरडेवाडी, वरवडे, सावळेश्वर हे सगळे टोलनाके तिनं ट्रकच्या पाठीवर बसून ओलांडले, तेही रात्री. सकाळी कॉलनी जमली. धुवायची म्हटलं तर त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं, म्हणून टँकर मागवला. शेजारच्या चार घरांनी आपापल्या घागरी त्याच टँकरखाली लावल्या. या गाडीचा शहराला झालेला हा पहिला उपयोग.

मग अव्वा बाहेर आल्या. आत डोकावल्या आणि विचारलं, "हे कशाचं हाय?" इंग्लंडातल्या क्रू गावात कारागिरांनी शिवलेलं अस्सल चामडं, असं मालकांनी अभिमानानं सांगितलं. "चामड्यावर बसून आईच्या दर्शनाला?" संपलं. पंधरा मिनिटांत सगळ्या सीटांवर टॉवेल चढले. मालकांच्याच कारखान्यातले, निर्यातीतून परत आलेले. कोपऱ्यावर अमेरिकेतल्या कुठल्याशा हॉटेलचं नाव विणलेलं. सरकारी साहेबाच्या खुर्चीला जी शोभा आपण वर्षानुवर्षं पुरवली, ती बेंटलीलाही आली.

पहिली फेरी तुळजापूरला ठरली. पंचेचाळीस किलोमीटर. बेंटलीत मालक आणि वहिनी. मागं इनोव्हात मामा, अप्पा, अव्वा, पोरगा, धाकट्या भावाचं कुटुंब, पूजेचं ताट, कडक भाकरीचं गाठोडं, शेंगाचटणीची बरणी. बरणी बेंटलीच्या डिकीत ठेवायला वहिनी गेल्या होत्या, तेल गळेल म्हणून मालकांनी परत पाठवली.

हायवेला लागेपर्यंत इनोव्हा मागं होती. पहिल्या ब्रेकरला मालक थांबले, उतरले, वाकून पाहिलं, वहिनींना उतरवलं, तिरकी घातली. मामा बाजूनं निघून गेले. जाताना त्यांनी हात केला, तो कुणाला, यावरून मालक अजून रागात आहेत. हायवेवर जरा वेग घ्यावा तर दोन मोटरसायकली दोन्ही अंगांना चिकटलेल्या, मागं बसलेले व्हिडिओ काढतायत, 'मालक, काच खाली करा की' म्हणून ओरडतायत. तुळजापुरात गाडी कुठं लावायची, यात आणखी वेळ गेला. पार्किंगवाल्यानं विचारलं, "कार का टेम्पो ट्रॅव्हलर?" आणि रुंदी पाहून ट्रॅव्हलरची पावती फाडली.

मालक महाद्वारापाशी पोचले तेव्हा बाकीच्यांचं दर्शन उरकून, भाकरी खाऊन झाली होती. अव्वा पायरीवर बसून पोराला लिमलेटची गोळी देत होत्या. त्यांनी मालकांकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एक गोळी त्यांच्याही हातावर ठेवली.

"पुढल्या बारीला तू बी आमच्यातच बस रे," त्या म्हणाल्या. "जागा हाय."