गांधीबाग ते मालवण: फिनच्या निवडीची मीमांसा

नागपूरच्या गांधीबागेतील ठोक कापडबाजार समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंचीवर वसलेला असून, त्याच्या जवळचे मोठे पाणी म्हणजे शुक्रवारी तलाव, ज्यात उतरण्यासाठी कोणी खास पादत्राणे विकत घेतल्याचे ऐकिवात नाही. तथापि दिवाळीचा हंगाम आटोपला, उधारी बऱ्यापैकी वसूल झाली आणि घरच्या पोट्ट्यांनी मालवणच्या स्कुबा डायव्हिंगचे, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली विहरण्याचे, व्हिडिओ दाखवले, की पेढीवरील कर्त्या पुरुषाच्या मनात सागरतळ पाहण्याची ऊर्मी निर्माण होते. आणि गांधीबागेत निर्माण झालेल्या कोणत्याही ऊर्मीचे पर्यवसान, रेल्वेचे तिकीट काढण्याच्या आधी, खरेदीत होते.

या खरेदीत अग्रमान फिनला मिळतो. फिन म्हणजे पाण्यात पायाला जोडायचे रुंद, लवचिक पाते. पाणी हवेच्या सुमारे 800 पट घन असल्यामुळे उघड्या पावलाने मारलेल्या लाथेचा फारसा उपयोग होत नाही, मात्र पावलाचे क्षेत्रफळ वाढवले की तीच लाथ शरीराला पुढे ढकलते. बेंजामिन फ्रँकलिन यांनी बॉस्टनमधील बालपणी हातात लाकडी फळ्या धरून हा प्रयोग केला होता. वेग वाढला, पण मनगटे दुखून आली. आजच्या स्वरूपाच्या फिनचे पेटंट फ्रेंच नौदलातील अधिकारी लुई द कोर्लिए यांनी 1933 मध्ये घेतले. गांधीबागेला मात्र या इतिहासापेक्षा भावात अधिक रस असतो.

ऑनलाइन मागवलेले नमुने पेढीवर येऊन पडले, की गादीवर पसरलेली थाने बाजूला सारली जातात, शेजारच्या दुकानांतील जाणकार चहाच्या निमित्ताने जमतात आणि परीक्षा सुरू होते. कापड चिमटीत धरून त्याचा पोत पाहावा, उजेडासमोर धरून विणीची घनता पाहावी आणि शेवटी पन्हा, म्हणजे रुंदी, मोजावी, ही पिढ्यानपिढ्यांची रीत फिनलाही जशीच्या तशी लावली जाते. ती अगदीच निरुपयोगी ठरत नाही, कारण पाते वाकवून पाहिल्याने त्याचा ताठपणा कळतो आणि ताठपणा हा निवडीतील एक प्रमुख निकष आहे: ताठ पाते अधिक जोर देते, परंतु तितकीच ताकद मांड्यांकडून वसूल करते, तर मऊ पाते पायाला दमवत नाही, पण प्रवाहाविरुद्ध जाताना अपुरे पडते. दिवसाचे दहा तास मांडी घालून बसणाऱ्या वर्गाने यांपैकी काय घ्यावे, हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज नसते. तरीही एकमत ताठ पात्यावर होते, कारण मऊ माल टिकत नाही, असा बाजाराचा अनुभव आहे.

दुसरा निकष टाचेचा. बंद टाचेचे फिन अनवाणी पायावर बुटासारखे चढवतात. ते हलके असून उबदार पाण्यात पुरेसे ठरतात. उघड्या टाचेच्या फिनमध्ये आधी निओप्रिन नावाच्या फुगीर रबरी कापडाचा बूट घालून त्यावर फिन चढवतात आणि टाचेमागचा पट्टा ओढतात. त्यामुळे खडकाळ किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरणे सोपे जाते. बंद टाचेच्या प्रकारात माप नेमके लागते, कारण फिन घट्ट असेल तर पायात गोळा येतो आणि सैल असेल तर टाच सोलवटून निघते. शेजारच्या दुकानदाराचा सल्ला याच मुद्द्यावर येतो: “थोडा मोठाच घेऊन टाका न जी, पोट्ट्याले बी होऊन जाईन.” हा सल्ला शाळेच्या गणवेशाला लागू असला, तरी समुद्राला लागू नाही.

तिसरा निकष पात्याच्या घडणीचा. सरळ अखंड पाते हा रूढ प्रकार होय. मधोमध चिरलेले पाते कमी कष्टात पुढे नेते, पण मागे सरकणे किंवा जागेवर वळणे त्याला नीट साधत नाही. श्वास रोखून खोल जाणाऱ्यांचे लांब पाते पेढीच्या गल्ल्यामागे मावत नाही म्हणून बाद होते. याखेरीज 1960च्या दशकात बाजारात आलेल्या ‘जेट फिन’च्या धर्तीचे आखूड, रुंद, जाड रबरी फिन असतात, ज्यांच्या पात्याला पाणी निसटण्यासाठी झरोके असतात. ते पाण्यात बुडतात आणि ‘फ्रॉग किक’ला, म्हणजे बेडकाप्रमाणे पाय बाजूला फाकवून मारायच्या लाथेला, विशेष अनुकूल असतात; या लाथेने तळाची वाळू ढवळली जात नाही. गांधीबागेची पसंती नेमकी याच फिनला मिळते, कारण ते हातात घेतले की वजन भरते. शंका आलीच तर झरोक्यांची, आणि तीही ‘इतका रबर कापून घेतला, तर भाव का कमी केला नाही’ एवढ्यापुरती.

आश्चर्य असे, की हाच व्यापारी स्वतःच्या गादीवर बसला असता गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न “लग्नाचं पाहिजे का रोजचं?” असा करतो आणि उत्तर मिळेपर्यंत एकही थान उलगडत नाही. पाय कोणाचा, पाणी कोणते आणि लाथ कशी, हे त्याच प्रश्नाचे सागरी रूप होय; परंतु विकणारा जेव्हा घेणारा होतो, तेव्हा तो केवळ मालाकडे पाहतो.

यानंतरचा प्रवास वर्धा, अकोला, भुसावळ असा पश्चिमेकडे सरकत पनवेलला कोकण रेल्वेच्या वाटेला लागतो आणि हजार किलोमीटरांहून अधिक अंतर कापून, मालवणसाठी जेथे उतरावे लागते त्या कुडाळला संपतो. बर्थखाली जागा न उरल्याने फिन बाकावर उभे ठेवले जात असल्यामुळे, दाळ पाखडण्याचे हे रबरी सूप कोठे मिळते, अशी विचारणा बडनेऱ्याला चढलेल्या आजीबाईंकडून होते, आणि खुलासा ऐकूनही त्यांचे समाधान होत नाही.

1664 मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर ज्याचे बांधकाम सुरू केले, त्या मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात पर्यटकांना उतरवण्याची पद्धत फिनच्या शास्त्राला फारशी जुमानत नाही. हौशी पर्यटकाला रबरी पोशाख व मुखवटा चढवून, हवेची नळी दातांत धरायला देऊन, प्रशिक्षित पाणबुड्या स्वतःच त्याला धरून फिरवून आणतो; त्यामुळे त्याने पाय न हलवणे हेच सर्वांच्या हिताचे असते. जाडजूड फिन काखोटीला मारून होडीत चढणाऱ्या नागपूरकराला “ह्या कित्याक हाडलात?” असा प्रश्न येतो आणि पाठोपाठ सूचनाही: “पाय हलवू नकात, माका धरून ऱ्हवा.” ज्यांना रीतसर शिकायचे असेल, त्यांच्यासाठी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्था जवळच तारकर्लीला आहे; स्वतःच्या फिनचा विचार तेथे भाड्याचे दोन-तीन प्रकार वापरून झाल्यावर करणे श्रेयस्कर.

खरी परीक्षा होडी किनाऱ्याला लागल्यावर होते. पाणबुड्या ते फिन उचलतो, पाते आपल्या मांडीवर दाबून वाकवतो, पट्टा खेचून सोडतो, बुटासकट पाऊल आत सारून टाच उचलून पाहतो आणि रोज वाळूवरून तरंगत पर्यटक ओढणाऱ्याला असाच जड, आखूड माल लागतो, हे बोलून न दाखवता थेट किंमत विचारतो. येथपासून पुढे नागपूरकर पुन्हा आपल्या मूळ भूमिकेत येतो. घासाघीस अर्धा तास चालते, व्यवहार नगदी होतो, विकलेला माल परत घेतला जाणार नाही ही अट तोंडी घातली जाते; आणि किनाऱ्यावर आणखी कोणाला फिन हवे आहेत, टाच उघडी की बंद, बूट घालून की अनवाणी, काम वाळूवर की खडकावर, हे सर्व एकेकाला नीट विचारून हॉटेलच्या बिलामागे उतरवून घेतले जाते.