काकूंचा नातू आणि उसाचं बेट

"ऐकलंत का, आमचा नातू बेटावर गेलाय!"

काकूंनी मधल्या भिंतीवर कोपर टेकलं की समजावं, आता अर्धा तास आपल्या कुरडया रामभरोसे. मी परात खाली ठेवली.

नातू म्हणजे सख्खा नव्हे. काकूंच्या धाकट्या बहिणीच्या मुलीचा मुलगा. मुलगी लग्न होऊन टेक्सासला गेली, हा तिथंच जन्मला, तिथंच डॉक्टरकी शिकायलाय. पण अंबाजोगाईत नात्याचा हिशेब इतका बारीक कोण ठेवतंय? पोरगं डॉक्टर होतंय म्हटल्यावर ते आपलंच.

"बेटावर कशाला? फिरायला?"

"फिरायला काय, इथं मुकुंदराजाच्या डोंगरावर जावं की! फुकट दवाखाना आहे म्हणे तिथं. डॉमिनिकन का काय नाव त्या देशाचं. सगळे स्पॅनिश बोलतात. आणि ऐका, तिकीट पदरचं. काम करायचं ते करायचं, वर पैसे आपणच भरायचे!"

मागून पेपर खाली झाला. काका बोलणार हे आम्हा दोघींनाही कळलं आणि कोणावर बोलणार हेही. "सोलापूरचा कोटनीस गेलाच होता की चीनला. १९३८ साली. काँग्रेसनं पाच डॉक्टर धाडले होते, हा त्यातलाच. नुकता डॉक्टर झालेला. चिनी शिकला, जखमी सैनिकांची ऑपरेशनं केली, बेथ्यून हॉस्पिटलचा प्रमुख झाला. लग्नही तिथल्याच नर्सशी. शांतारामबापूंनी सिनेमा काढला त्याच्यावर."

"आणि पुढं?" काकूंनी विचारलं. त्यांना पुढचं माहीत नव्हतं असं नाही.

"पुढं काय, १९४२ च्या डिसेंबरात गेला. बत्तीस वर्षांचा होता."

"झालं समाधान? पोरगं परदेशात असताना बरं सुचतं तुम्हाला हे!"

पेपर पुन्हा वर गेला. पण काकांचं एका बाबतीत मला पटतं. कोटनीस तिथंच राहिला. आमचा हा नातू आठ दिवसांसाठी गेलाय. आठ दिवसांत भाषा तर सोडाच, रस्तेसुद्धा कळत नाहीत. रक्तदाबाची गोळी रोज घ्यायची असते. ती महिनाभराची देऊन मंडळी विमानात बसली तर दुसऱ्या महिन्यात काय? मी हे बोलून दाखवलं. काकूंचा चेहरा पडला, पण वकीलपत्र सुटलं नाही.

"अहो, तो शिकाऊ आहे. औषध लिहायची परवानगीच नाही त्याला. दंडाला पट्टा बांधतो, बोट टोचून साखर बघतो आणि मोठ्या डॉक्टरला सांगतो. त्याची आई म्हणते, उपकार त्याचे नाहीत त्यांच्यावर, त्यांचेच आहेत ह्याच्यावर."

ही आई शहाणी दिसते. मग काकूंनी खरी बातमी काढली, तीही जाता जाता सांगावी तशी. "आणि दवाखाना कुठं आहे माहितीये? उसाच्या फडात."

इथं मात्र मी परात विसरले. ते बेट एकच, देश दोन: पश्चिमेला हैती, पूर्वेला डॉमिनिकन रिपब्लिक. कोलंबस १४९३ च्या दुसऱ्या फेरीत तिथं ऊस घेऊन गेला आणि तेव्हापासून तो ऊस दुसऱ्याच कोणीतरी तोडायचा असं ठरून गेलं. आधी आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम, आणि गेली शंभर वर्षं हैतीतून येणारी गरीब माणसं. मळ्यातच त्यांच्या वस्त्या असतात, त्यांना 'बाटेय' म्हणतात. खोल्या तुटक्या, पाणी लांब, वीज असली तर असली. तिथल्या एका मोठ्या कंपनीची साखर अमेरिकेनं २०२२ साली अडवली होती, मजुरांकडून सक्तीनं काम करून घेतलं जातं या कारणावरून.

आमच्याकडं भांडी घासणाऱ्या मावशी मागच्या दारात उभ्या राहून केव्हापासून ऐकत होत्या. पाटोद्याकडच्या. सोळा-सतरा हंगाम ऊसतोडीला गेलेल्या. आता कंबर गेली म्हणून सुनेला पाठवतात.

"बाई, तितं बी मुकादम असतो का?"

"असतो की. दुसरं नाव असेल."

"आन् उचल?"

"माणसं आणून देणारे दलाल असतात. मजुरांकडं कागदपत्रं नसतात, म्हणून पळताही येत नाही. आता तर २०२५ च्या एप्रिलपासून सरकारी दवाखान्यात कागद मागतात. नसले तर उपचार करतात आणि मग थेट हैतीत सोडून येतात. बाळंतिणींनाही."

"मंग कोन जाईल दवाखान्यात?"

म्हणून तर नातवाच्या त्या फुकट दवाखान्यापुढं रांग. त्यात आणखी एक गंमत, म्हणजे गंमत कसली. रांगेतल्या पुष्कळांना स्पॅनिशही धड येत नाही. ते हैतीचं क्रिओल बोलतात. नातू इंग्रजीतून विचारणार, कोणी स्पॅनिशमध्ये सांगणार, तिसरा क्रिओलमध्ये. पोट कधीपासून दुखतंय एवढं विचारायला तीन माणसं.

मावशींना ह्यात नवल वाटलं नाही. "माझी जाऊ बेळगावाकडं फडात बाळंत झाली. डॉक्टरीण कानडी. ही बीडची. कोनालाच काय कळंना. ट्रॅक्टरवाला आला तवा बोलनं झालं. आता गड्यामानसापुढं काय सांगावं बाईनं?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. मग आवाज खाली आला, जसा ह्या विषयाला येतोच. पिशवी काढण्याचा विषय. आमच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पुष्कळशा चाळिशीच्या आतल्या. त्यानंतर जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना असं ऑपरेशन करण्याआधी सिव्हिल सर्जनची परवानगी लागायला लागली. उशिरा का होईना, बरं झालं.

"कामून काढत्यात म्हन्ता?" मावशी म्हणाल्या. "कोयता जोडीचा. ती पडून ऱ्हायली की त्याचा बी खाडा. मुकादम पैसे कापतो. फडात ना आडोसा ना पानी. डॉक्टर म्हनतो काढून टाक, कॅन्सर हुईल. बाई म्हनती, काढ बाबा."

थोडा वेळ कोणी बोललं नाही. काकूंना शांतता सोसत नाही. "मी म्हणते, त्याला इकडंच बोलवावं! आपलं अंबाजोगाईचं स्वाराती रुग्णालय काय कमी आहे का? ग्रामीण भागासाठीच काढलेलं कॉलेज. पन्नास वर्षं झाली. त्याला मराठी येतं, तिघं माणसं मध्ये लागायची नाहीत."

परवानग्या, नियम, परदेशी विद्यार्थी हे सगळं मी बोलणार होते; पण काकूंच्या उत्साहापुढं मेडिकल कौन्सिलचं काही चालत नाही.

"डिसेंबरात त्याला मोठी सुट्टी असते. नाताळची. तेव्हा येऊ द्या. गावोगाव नेऊ त्याला. पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूर. बायकांना तपासून घेऊ."

मावशी हसल्या. घासलेली कढई पालथी घातली आणि हात पुसत म्हणाल्या, "काकू, डिसेंबरात कोन हाय गावात? दिवाळी झाली की गाड्या भरत्यात. घराला कुलपं आन् वट्ट्यावर म्हातारी. त्याला म्हनावं, सुट्टी डिसेंबराची आसंल तर फडावर जा, सांगलीला न्हाई तर बेळगावला. आन् गावात यायचं आसंल तर गुढीपाडव्याच्या फुडं ये."