गुणवंतांनी आपला प्रस्ताव तीन प्रतींत सादर करावा

नोव्हेंबर लागला की कोल्हापुरात फेटे बांधणाऱ्यांची चलती. तुळशीची लग्नं उरकली की माणसांची सुरू होतात आणि त्यात १८ तारखेला शिवाजी विद्यापीठाचा वर्धापनदिन. १९६२ साली याच दिवशी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते विद्यापीठाचं उद्घाटन झालं. या दिवसाच्या निमित्तानं गुणवंत शिक्षकांचा आणि गुणवंत सेवकांचा गौरव होतो.

गौरवाला आमची हरकत नाही. ज्या गावात तालमीचा खजिनदार बदलला तरी चौकात डिजिटल बोर्ड लागतो, तिथं परीक्षा विभागातल्या एखाद्या मॅडमना किंवा आस्थापनेतल्या शिपाईमामांना शाल-श्रीफळ मिळालं, तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. आमचं कुतूहल वेगळं आहे. हे गुणवंत सापडतात कसे?

सापडत नाहीत. ते अर्ज करतात.

एका विद्यापीठाचं हे सांगत नाही, राज्यभरातल्या सरकारी-निमसरकारी पुरस्कारांची साधारण रीत हीच. परिपत्रक निघतं, 'विहित नमुन्यात' प्रस्ताव मागवतात, मुदत दोनदा वाढते आणि मग एक समिती बसते. दिल्लीनं तर आडपडदाच काढून टाकला. २०१८ पासून राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी गुरुजींनी स्वतःच ऑनलाइन नामांकन भरायचं. वशिल्याची नावं जायची, म्हणे, म्हणून ही सुधारणा. म्हणजे पूर्वी दुसऱ्याच्या तोंडून स्वतःचं कौतुक करवून घ्यायला ओळख लागायची, आता स्वतःच्या तोंडानं केलेलं चालतं. प्रगती आहे.

तो विहित नमुना जरा डोळ्यांसमोर आणा. 'यापूर्वी प्राप्त पुरस्कार' असा एक रकाना असतो, कारण पुरस्कार मिळायला आधी पुरस्कार मिळालेला बरा. 'सामाजिक कार्य' असतं, तिथं रक्तदानाची प्रमाणपत्रं आणि झाड लावतानाचा फोटो. झाड जगलं का, हे विचारत नाहीत. 'वृत्तपत्रीय कात्रणे' असतात. आणि शेवटी खरा डाव: 'सेवाकाळातील विशेष उल्लेखनीय कार्य (स्वतंत्र कागद जोडावा)'.

आता सत्तावीस वर्षं खिडकीवर काढलेल्या बाईनं या स्वतंत्र कागदावर काय लिहावं? जतहून एक पोरगं पहाटेच्या एसटीनं निघून अकरा वाजता खिडकीवर पोचतं. गुणपत्रिकेत आईच्या नावातलं एक अक्षर चुकलंय आणि परवा नोकरीच्या ठिकाणी कागद तपासणी आहे. शेजारच्या टेबलावर उत्तर तयार असतं: साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या. ही बाई म्हणते, "थांब जरा, बाळा. जेवलास का? तोवर सही घेऊन येते." तीन वाजता पोरगं दुरुस्त कागद घेऊन बसस्थानकाकडं पळतं. या घटनेचं प्रमाणपत्र कोण देणार? कात्रण कुठल्या पेपरात येणार? 'आज काहीच बिघडलं नाही' अशी बातमी अजून छापून आलेली नाही.

चांगल्या कारकुनाचं काम असं काहीच न घडण्यात असतं. निकाल वेळेवर लागला तर त्यात बातमी नाही. लांबला की पहिल्या पानावर. २०१९ च्या महापुरात शहराच्या नळाला पाणी नव्हतं, तेव्हा विद्यापीठाच्या आवारातून टँकर भरून गेले. ते भरणाऱ्यानं 'उल्लेखनीय कार्य'च्या कागदावर काय लिहायचं, कॉक सोडला? २०२१ मध्ये नॅकनं, म्हणजे कॉलेज-विद्यापीठांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेनं, विद्यापीठाला ३.५२ गुण देऊन ए प्लस प्लस केलं. त्यासाठी किती खोकी कागद जमवावा लागतो, हे नॅकला सामोरं गेलेल्या कुठल्याही कॉलेजातल्या क्लार्कला विचारा. असल्या यशाच्या बोर्डावर त्या कागदांचं झेरॉक्स काढणाऱ्याचा फोटो कुणी पाहिला असल्यास कळवावं. पुरस्काराचा फोटो मात्र पुढच्या नॅकला उपयोगी पडतो, कर्मचारी कल्याणाच्या फायलीत.

आमच्याकडं शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान आहे. तिथं पाठ टेकली की टेकली. समोरच्याला चितपट केल्याचा दाखला सक्षम प्राधिकाऱ्याच्या सहीशिक्क्यानिशी जोडा, असं कुठल्या पैलवानाला कुणी सांगितल्याचं ऐकिवात नाही, कारण बघणारे चारी बाजूंनी बसलेले असतात. कार्यालयातही बघणारे असतातच की! ते खिडकीबाहेर रांगेत उभे असतात. रोज अकरा वाजता रांगेतला जुना पोरगा नव्याला सांगतो, "तिकडं नको, भावा. दोन नंबरला जा. तिथल्या मॅडम काम करत्यात." निवड झाली. समिती नाही, प्रवासभत्ता नाही, इतिवृत्त नाही.

आणि या निवडीचं बक्षीसही तिथल्या तिथं मिळतं. दोन नंबरची रांग वाढते. मग शेजारच्या टेबलाची टपालं तिकडं सरकतात. मग साहेब म्हणतात, "हे जरा त्यांच्याकडं द्या, त्या करतील." जो करतो त्यालाच आणखी द्यायचं आणि जो करत नाही त्याला 'त्याला कशाला सांगताय' म्हणून मोकळं सोडायचं, हा कार्यालयांचा अलिखित पुरस्कार नियम. याला ना मुदत, ना वयाची अट. मोकळा सुटलेल्याला मग निवांत वेळ मिळतो. त्या वेळात तो प्रस्ताव तयार करतो. सुंदर करतो, स्पायरल बाइंडिंग करून.

बरं, मिळाला पुरस्कार. पुढं? कोल्हापुरात अभिनंदनाचं दुसरं वाक्य ठरलेलं आहे: "जेवण कधी?" विभागात तीस माणसं, तांबडा-पांढरा आणि मटणाचा आजचा भाव. बक्षिसाचं पाकीट उघडायच्या आधी हिशेब करणारा माणूस अर्जच करत नाही, असा आमचा संशय आहे.

पूर्वी बरं होतं. राज्य सरकारी नोकरीत अत्युत्कृष्ट कामाला आगाऊ वेतनवाढ मिळायची. दर महिन्याच्या पगारात ती दिसायची आणि पुढं पेन्शनलाही लागायची. सहाव्या वेतन आयोगानंतर ती गेली. सन्मानचिन्ह मात्र कुठल्याच आयोगाला नडत नाही. ते एकदाच घ्यावं लागतं, त्याला महागाई भत्ता नाही आणि त्याची थकबाकी साचत नाही. वित्त विभागाला गुणवत्ता परवडते ती अशी.

थकबाकीवरून आठवलं. २०२३ च्या फेब्रुवारीत राज्यभरातल्या विद्यापीठांचे आणि कॉलेजांचे शिक्षकेतर कर्मचारी आंदोलनात उतरले. २ तारखेपासून परीक्षांच्या कामावर बहिष्कार, २० तारखेपासून बेमुदत संप. मागणी काय, तर १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर मिळायचा आश्वासित प्रगतीचा लाभ द्या, त्याचे रद्द केलेले शासन निर्णय परत आणा, सातव्या वेतन आयोगातून सुटलेल्या १४१० जणांना त्यात घ्या. यात कुणी स्वतःला गुणवंत म्हणवून घेतलं नव्हतं. बढतीची जागा रिकामी नाही तर निदान वरचा पगार तरी द्या, एवढंच. त्यासाठी मात्र विहित नमुना चालला नाही, मांडव घालावा लागला. एकाला शाल द्यायला समिती तत्परतेनं बसते. सगळ्यांचं देणं द्यायचं म्हटलं की ती फाईल मंत्रालयात कुठल्या मजल्यावर आहे, हे मंत्रालयालाही सांगता येत नाही.

कंत्राटी पोरापोरींचं तर नावच नको. अशा पुरस्कारांना बहुधा अमुक वर्षं नियमित सेवेची अट असते. अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर दहा वर्षं काढलेला संगणकचालक त्यात बसत नाही. साहेबांचा पासवर्ड त्यालाच पाठ असतो, पण ते उल्लेखनीय कार्यात लिहिता येत नाही. पुरस्कारांचे प्रस्ताव टाइप करायला मात्र त्यालाच बसवतात.

प्रस्ताव न मागता सगळ्यांना गुणवंत ठरवणारा एकच समारंभ आहे, तो निवृत्तीच्या दिवशीचा. त्या दिवशी प्रत्येक जण कार्यतत्पर, मनमिळाऊ आणि कार्यालयाचा आधारस्तंभ असतो. ज्यांनी तीस वर्षं 'उद्या या' सांगितलं, त्यांचंही डोळ्यांत पाणी आणून कौतुक होतं. पुढच्या महिन्यात हेच आधारस्तंभ पेन्शनच्या कागदासाठी खिडकीच्या पलीकडून येतात. कुठल्या खिडकीवर जायचं, हे त्यांना कुणाला विचारावं लागत नाही. ते थेट दोन नंबरला जातात. नेमक्या त्या दिवशी मॅडम रजेवर असतात. यंदा सहकाऱ्यांनी फारच आग्रह केल्यामुळं त्या कात्रणं साक्षांकित करून घ्यायला गेलेल्या असतात.