हार्बर लाइनवरच्या रीलप्रेमी महोदयांस

श्रीमान सहप्रवासी महोदय यांसी,
कृ. सा. न. वि. वि.

आपलं शुभनाव मला ठाऊक नाही. कधी आपण चौथ्या सीटवर टेकलेले असता, कधी दाराशी उभे. कधी कॉलेजातले, कधी निवृत्तीला आलेले. पण पनवेल लोकलमध्ये आपल्याला ओळखायला वेळ लागत नाही. मोबाइल छातीशी, स्पीकर आमच्याकडे आणि अंगठा सारखा खालून वर. इअरफोनसारखी क्षुद्र वस्तू आपण वापरत नाही. आपल्याला जे आवडलं ते अख्ख्या डब्याला मिळालं पाहिजे! एवढं मोठं मन कुठून आणता?

आभार मानायचे ते मुख्यतः मानखुर्द ते वाशी या टप्प्याबद्दल. त्याआधी दर दोन-तीन मिनिटांनी स्टेशन, धक्के, बॅगांची ओढाताण. मानखुर्द सुटलं की सात-आठ मिनिटं कोणी चढत नाही, कोणी उतरत नाही. गाडी पुलावर आली की चाकांचा आवाज पोकळ होतो, खाडीचा खारट वास आत येतो. ओहोटी असली तर चिखल चमकतो आणि हिवाळ्यात त्यात रोहित पक्षी माना खाली घालून उभे दिसतात. दिवसभर जुंपलेलं डोकं इथे मोकळं सुटतं. 1992 साली रेल्वे वाशीला पोहोचली, तेव्हापासून किती जणांनी आपले हिशेब, आपली भांडणं, आपली दुःखं या पाण्याकडे बघत उलगडली असतील! ती सोय आपण बंद केलीत. उपकार आहेत.

परवाचीच कृपा सांगतो. गावच्या घरावरून माझं आणि धाकट्या भावाचं बोलणं थांबलंय. त्याला पत्र लिहायचं आहे, पण सुरुवात सापडत नव्हती. त्या संध्याकाळी खिडकीबाहेर बघताना, न शोधता, पहिलं वाक्य जुळायला लागलं. त्यात घराच्या वाटणीचा शब्द नव्हता. आई आम्हा दोघांना एकाच ताटात वाढायची, ते ताट होतं. शेवटचे दोन-तीन शब्द यायचे राहिले होते. तेवढ्यात आपल्या हातातून ते रेकॉर्ड केलेलं खो-खो हसू फुटलं. मग तेच पुन्हा, कारण रील आपल्या पसंतीला उतरलं होतं. वाक्य गेलं. सानपाडा गेलं, जुईनगर गेलं, नेरूळला उतरलो तरी मी ते चाचपतच होतो. भावाला पत्र गेलेलं नाही. आपलं रील मात्र मला तोंडपाठ आहे.

तंद्री अशीच असते, महोदय. ती लागलेली असते तेव्हा कळत नाही, आणि कळलं की मोडलेली असते. दुसऱ्या दिवशी तीच गाडी, तीच खिडकी मिळाली तरी ती तशी परत लागत नाही. म्हणून तर आपलं काम इतकं पक्कं.

आपली परंपराही थोर आहे. 1797 साली इंग्रज कवी कोलरिज झोपेत सुचलेली कविता घाईने उतरवत होता. दोन-तीनशे ओळी डोक्यात होत्या, असं तो स्वतः सांगतो. पोरलॉक गावचा एक गृहस्थ कामानिमित्त आला आणि तासाभराने गेला. कवी परत बसला तेव्हा बाकीची कविता पुसली गेली होती. 'कुब्ला खान' चौपन्न ओळींचीच राहिली. त्या गृहस्थाचं नाव कुणाला ठाऊक नाही, आपल्यासारखंच. पण तो निदान कामासाठी आला होता.

आपली गाडी ओलांडते त्या खाडीत रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य आहे. 2022 साली ही ठाणे खाडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही आली. पक्ष्यांना निवांत चरता यावं याची काळजी सरकारदरबारी झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. मुंबईच्या 'बेस्ट'नेही एप्रिल 2023 मध्ये बसमध्ये इअरफोनशिवाय मोबाइल वाजवायला बंदी केली. डब्यातल्या थकलेल्या माणसाला मात्र आपल्या दयेवरच सोडलंय. दोन सीट पलीकडची मुलगी परीक्षेचं काही आठवत डोळे मिटून बसते, समोरचे काका दवाखान्याची फाइल मांडीवर घेऊन बाहेर बघत असतात. आपण आवाज वाढवता तेव्हा त्यांच्याकडे एकदा तरी बघता का हो? माझा राग त्या काकांसाठी जास्त आहे.

तेव्हा हात जोडून विनंती: विनोद बघा, क्रिकेट बघा, भजनं ऐका, पण इअरफोन लावून. आणि एखाद्या संध्याकाळी, फक्त मानखुर्द ते वाशी, मोबाइल खिशात ठेवून खिडकीबाहेर बघा. आपलंही कुणाशी तरी काही बोलायचं राहिलं असेल.

कळावे. लोभ नसला तरी चालेल, आवाज कमी असावा, ही विनंती.

आपला,
खिडकीजवळचा एक सहप्रवासी
नेरूळ, नवी मुंबई